बिनआकड्याचं नाव

नंबरकाका पॅकेजिंगचं काम करतात, असं काकूंनी एकदा जिन्यात शेजारणीला सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी शेजारणीचे यजमान काचेचं झुंबर हातात धरून दारात उभे राहिले. मुलीकडे पाठवायचं होतं, नीट बांधून मिळेल का? काका क्षणभर गोंधळले. मग "या, आत या" म्हणाले, जुने टॉवेल आणि पुठ्ठे शोधून काढले आणि झुंबर असं गुंडाळलं की खोकं हलवलं तरी आतून ब्र निघू नये. शेवटी खोक्यावर जाड पेनाने लिहिलं: झुंबर-१.

"म्हणजे? दुसरं कुठे आहे?" यजमानांनी विचारलं.

"आज नाही," काका म्हणाले. "पण उद्या आलं तर?"

हे 'उद्या आलं तर' काकांच्या अंगात मुरलेलं होतं. घरातल्या चादरी, उशा, छत्र्या, सगळ्यांना आकडे. पाहुण्यासमोर काकूंनी "अहो, जरा चादर आणता?" म्हटलं की कपाटाजवळून आवाज येई, "कुठली?" काकू म्हणत, "अंगावर घ्यायची." मग आतून बराच वेळ काहीच आवाज येत नसे, कारण अशा संदिग्ध मागणीवर काय करायचं ते काकांना खरोखरच कळत नसे. काकू स्वभावाने देवभोळ्या. त्या म्हणायच्या, "देव किती बरा! हजार नावांनी हाक मारा, नाव विसरून नुसतं 'अरे देवा' म्हणा, तो ओ देतो. आमच्याकडे उशी मागायची तरी आकडा पाठ हवा."

काकांचं खरं काम मात्र जिन्यात उभं राहून सांगण्याजोगं नव्हतं. दिवसा ते एका छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळत. संध्याकाळी घरी आले की बाल्कनीकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनला खेटून ठेवलेल्या टेबलाशी बसत आणि लिनक्सची सेवा करत. लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी कॉम्प्युटरची व्यवस्था. तिच्या अनेक शाखा, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. दुसऱ्या कुणी लिहिलेले प्रोग्राम नीट बांधून, एकमेकांच्या पायात येणार नाहीत अशा बेताने लोकांच्या मशीनवर पोचवायचे, हे डिस्ट्रोचं काम. जगभरातली माणसं ते वाटून घेतात. काकांच्या वाट्याला कम्पायलर आला होता, म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा प्रोग्राम. याबद्दल कुणी त्यांना काही देत नसे. शिव्या मात्र वेळेवर येत.

कम्पायलरची सारखी नवी आवृत्ती निघते. साध्या माणसाला वाटेल, नवी आली की जुनी टाकावी. पण एखादा जुना प्रोग्राम चौदाव्या आवृत्तीकडे मुकाट चालतो आणि पंधरावीपुढे ठेवला की ती खाष्ट सासूसारखी त्याच्या चुका काढत बसते. उलट काहींना पंधरावीशिवाय करमत नाही. दोघींना एकाच घरात नांदवायचं तर हाका वेगळ्या हव्यात. म्हणून एकीचं नाव कम्पायलर-१४, दुसरीचं कम्पायलर-१५. सोबतच्या लहान हत्यारांनाही तेच शेपूट: फॉरमॅटर-१४, डीबगर-१५. दुसऱ्या एका डिस्ट्रोत आकडा नावाला चिकटवूनच लिहितात, मध्ये रेघ नाही. तिसरीत प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र खोली देतात आणि आत सगळ्यांची नावं सारखीच ठेवतात. काकांना हे दोन्ही खपत नसे. "चिकटवून लिहितात!" असं ते जेवताना मध्येच म्हणत. जणू कुणीतरी चिखलाच्या बुटांनी पलंगावर चढलं होतं.

आणि या सगळ्यांवर असतं बिनआकड्याचं नाव. नुसतं 'कम्पायलर'. ती कुठलीच आवृत्ती नव्हे, ती एक पाटी. नुसत्या नावाने हाक मारली की पाटी कुठल्यातरी आकड्याकडे बोट दाखवते आणि तो धावून येतो. हे बोट कुठे वळवायचं ते पॅकेज बांधणाऱ्याने ठरवायचं. तोवर ते चौदाकडे होतं. यंदा पंधरावी आली आणि मेलिंग लिस्टवर, म्हणजे जिथे एकाने लिहिलेलं सगळ्यांच्या डोक्याला ताप होतं त्या जागी, भांडण जुंपलं. निम्मे म्हणत, बोट पंधराकडे वळवा, किती दिवस म्हातारीला धरून बसणार? निम्मे म्हणत, वळवलंत तर आमची चालती कामं बंद पडतील. दोन्ही बाजू काकांना नावं ठेवू लागल्या.

काकांनी बरेच दिवस ऐकून घेतलं आणि मग एका रविवारी, दाढी अर्धी करून, पॅसेजमधून स्वयंपाकघरात आले.

"ठरलं," ते म्हणाले. "कुणालाच नाही."

"काय कुणालाच नाही?" काकूंनी विचारलं.

"बिनआकड्याचं नाव. पाटीच काढून टाकतो. ज्याला जी आवृत्ती हवी, त्याने आकडा लावून मागावी. भांडणच मिटलं."

"आणि कुणी नुसतीच हाक मारली तर?"

"कुणी ओ देणार नाही."

"भरलेल्या घरात?"

"तेच सगळ्यात सुरक्षित," काका म्हणाले आणि उरलेली दाढी करायला गेले.

त्यांनी 'कम्पायलर' नावाचं पॅकेज आतून रिकामं केलं, पाटी काढली आणि ते रिकामं खोकं अपडेट म्हणून जगभर पाठवून दिलं. वर मेलिंग लिस्टवर एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात 'तत्त्व' हा शब्द पुन्हा पुन्हा आला होता. त्या दिवशी त्यांना झोप छान लागली.

आता काकांच्या ताईंबद्दल सांगायला हवं, कारण एरवी कुणाला न बधणारे काका ताईंपुढे शाळकरी पोरासारखे उभे राहत. ताई त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. एका तंत्रशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवत आणि तिथली कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सांभाळत. पण नेमणूक हंगामी. केस पिकले तरी हंगामीच. यंदा नवे प्राचार्य आले होते आणि प्रयोगशाळा बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवावी असं त्यांच्या मनात होतं. कंपनी आली की ताईंची जागा गेली, आणि त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? ताईंनी खूप रदबदली केली तेव्हा प्राचार्य एवढंच म्हणाले, "बाहेरचे परीक्षक प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला येतायत. ती विनातक्रार पार पडली, तर प्रयोगशाळा तुमच्याकडे आणि तुम्ही कायम. नाहीतर बघू." ते 'बघू' ताईंना चांगलं कळलं होतं.

त्या प्रयोगशाळेत काकांचीच डिस्ट्रो होती. काकांनीच ती घालून दिली होती, छातीवर हात ठेवून. "ताई, डोळे मिटून वापर. मी बसलोय ना!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काका छापखान्यातून नुकतेच घरी आले होते, तोच फोन वाजला.

"अरे, तुझं ते कम्पायलर कुठे गेलं?" ताईंचा आवाज बारीक झाला होता. अशा आवाजापेक्षा त्यांचं ओरडणं परवडलं.

"आहे की. कम्पायलर-१४ लिही. नाहीतर १५."

"पुस्तकात नुसतं कम्पायलर लिहिलंय. प्रश्नपत्रिकेत तेच असणार. तपासणीचा प्रोग्राम तोच शब्द वापरतो. आज दुपारी रंगीत तालीम घेतली, तर सगळ्या मशीनवर एकच उत्तर, कमांड सापडली नाही."

"ताई, मुळात बिनआकड्याचं नाव वापरणं हेच घातक आहे. मी सविस्तर लिहिलंय, तत्त्व असं आहे की…"

"तुझं तत्त्व घाल चुलीत! पहिल्या वर्षाची पोरं आहेत ती. आकडा माहीत असता तर नुसत्या नावाने हाक कशाला मारली असती?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग तुझ्याच हाताने पाटी लाव ना मशीनवर," ते म्हणाले. "मी सांगतो कशी. एका ओळीचं काम."

"परीक्षा विभागाने खोलीला सील ठोकलंय. मी आत असताना माणूस दाराशी मेण घेऊन उभा होता. उद्या परीक्षकांसमोरच दार उघडणार. मशीन सुरू झाली की तुमच्याकडून जी अपडेटं येतात तेवढीच आत जाणार. बाकी कुणी बोट लावायचं नाही, मीसुद्धा." मग त्या हळूच म्हणाल्या, "बाळ्या, माझी नोकरी जाईल रे."

ताई त्यांना बाळ्या म्हणाल्या त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

म्हणजे एकच वाट होती. पाटी पुन्हा लावायची, तीही एका प्रयोगशाळेपुरती नव्हे, साऱ्या जगाच्या मशीनवर. आणि ज्या मेलिंग लिस्टवर तत्त्वाचा डंका पिटला तिथेच आपले शब्द गिळायचे. बरं, तेही काकांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. डिस्ट्रोत प्रत्येक अपडेट एक बाई तपासून सोडत. दूर कुठल्यातरी देशात राहणाऱ्या, काकांनी कधी न पाहिलेल्या. काकू त्यांना फाटकवाल्या बाई म्हणत, कारण त्यांनी उघडल्याशिवाय काही बाहेर पडत नसे.

काकांनी टेबलाशी बसून पाटी तयार केली, बोट चौदाकडे वळवलं आणि फाटकवाल्या बाईंना लिस्टवरच, सगळ्यांना दिसेल असा, निरोप टाकला: आजच सोडा, कृपा करा.

उत्तर लगेच आलं. "रविवारी म्हणालात कुणालाच नाही. आज चौदा. मध्ये काय झालं?"

काकांना थापा मारता येत नसत, त्यांच्याकडे थाप-१ सुद्धा नव्हती. त्यांनी लिहिलं, "माझी बहीण अडचणीत आहे," आणि सगळं सांगून टाकलं.

"वाईट वाटलं," बाईंनी लिहिलं. "पण एका बहिणीसाठी सगळ्यांची मशीन हलवता येत नाहीत. बहीण वगळून कारण द्या. पटलं तर सोडते."

काका उठले. पॅसेजमध्ये येरझारा घालायची सोय नव्हती, मशीन आणि भिंत यांच्यामध्ये माणूस फक्त वळू शकत असे. ते तिथल्या तिथे वळत राहिले.

"काय झालं?" काकूंनी आतून विचारलं.

"बहीण वगळून कारण द्या म्हणतायत."

"ताईंना वगळून या घरात कधी काही झालंय का?" काकू म्हणाल्या. "ताईंनाच विचारा."

ताईंना विचारायची गरज नव्हती. त्यांचं फोनवरचं वाक्य काकांच्या कानात अजून घुमत होतं. काका खाली बसले आणि लिहू लागले. बिनआकड्याचं नाव कुणासाठी असतं? ज्याला पंधरावी हवी, त्याला पंधरा हा आकडा माहीत आहे; तो लावील. ज्याला चौदावी मुद्दाम हवी, तोही लावील. नुसत्या नावाने हाक मारतो तो, ज्याला आकड्यांचं काही ठाऊक नाही, ज्याच्या हातात कुणीतरी दिलेलं जुनं पुस्तक आहे. मी भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचा विचार केला आणि न भांडणाऱ्याला बाहेर उभं केलं. जुनी पुस्तकं चौदावीवर चालतात, म्हणून पाटी यंदा तरी चौदाकडे हवी. चूक माझी आहे.

शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी ते दोनदा खोडलं, पण तिसऱ्यांदा राहू दिलं.

फाटकवाल्या बाईंचं उत्तर आलं, "हे पटलं. सोडते."

काकांनी सुस्कारा टाकला. खात्री करून घ्यायला त्यांनी काकूंचा लॅपटॉप मागितला. काकू त्यावर सकाळी स्तोत्रं लावत आणि दुपारी डोळा लागेपर्यंत प्रवचन ऐकत. त्यावरही हीच डिस्ट्रो होती. ती का आहे, हा प्रश्न काकूंना लग्नानंतर कधी विचारायला मिळालाच नव्हता. अपडेट चालवलं. सगळं आलं. काकांनी लिहिलं: कम्पायलर.

कमांड सापडली नाही.

पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. काकांनी लॅपटॉप कडेने, खालून, जणू पाटी घरंगळून पडली असेल तसा पाहिला.

"अहो, तुम्ही पाठवलेल्या पॅकेजचं नाव काय?" काकूंनी खांद्यावरून डोकावून विचारलं. त्यांना त्यातलं कळत होतं असं नाही, पण हरवलेल्या वस्तूचं नाव आधी विचारायचं ही त्यांची रीत.

"कम्पायलर-पाटी-१," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला.

काकू थक्क झाल्या. "पाटीलासुद्धा नंबर?"

"उद्या दुसरी पाटी आली तर म्हणून…" काका पुटपुटले.

झालं होतं असं. अपडेट येतं ते मशीनवर आधीपासून असलेल्या पॅकेजचं. सगळ्या मशीनवर नुसत्या 'कम्पायलर' नावाचं ते रिकामं खोकं अजून पडलेलं होतं. त्याच खोक्यात पाटी ठेवून पाठवली असती, तर घरोघरी आपोआप पोचली असती. पण काकांनी हाताला वळण पडलेलं म्हणून नवं खोकं बनवलं, त्यावर आकडा घातला, आणि असं पॅकेज जगात एकाही मशीनने मागितलेलं नव्हतं, तर ते येणार कुठून? आकड्याशिवायच्या नावासाठी एवढी रदबदली करून शेवटी त्यालाच आकडा लावून बसलेला माणूस सबंध लिनक्समध्ये दुसरा नसेल.

काकांनी ती पाटी जुन्या खोक्यात घातली. नावाच्या जागी 'कम्पायलर' लिहिलं. बोट सवयीने रेघेच्या बटनाकडे गेलं, तेव्हा काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

पुन्हा फाटकवाल्या बाईंना निरोप. पुन्हा क्षमा. बाईंनी या खेपेला एकच ओळ लिहिली: "मला वाटलं होतं, हा आकडा कसा काय? पण म्हटलं, तुम्ही आहात, असेल काही तत्त्व." आणि सोडलं.

काकूंच्या लॅपटॉपवर अपडेट फिरलं. काकांनी डोळे बारीक करून एकेक अक्षर लिहिलं: कम्पायलर. पडद्यावर ओ आली, चौदावीची. काकूंनी हात जोडले. काकांनी कुणाला दिसणार नाही अशा बेताने जोडले.

तरी सकाळी काका छापखान्यात न जाता तंत्रशाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. एखादं मशीन मागे राहिलं तर? नेट बंद पडलं तर? मेणाचं सील फोडलेलं त्यांनी पाहिलं. परीक्षक आत गेले, उंच, पडलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. प्राचार्य आत गेले. ताई आत गेल्या, त्यांनी भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीन सुरू झाल्याचा गुंजारव आला आणि मग काहीच नाही. काका मनातल्या मनात अपडेटची एकेक पायरी चढत होते.

आतून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, माझं चालत नाही."

काका बाकावरून उठलेच.

"प्लग लाव," ताईंचा आवाज आला.

काका पुन्हा बसले. शेजारी बसलेल्या शिपायाने विचारलं, "मुलगी आहे का आत?"

"बहीण," काका म्हणाले.

"कितव्यांदा बसतेय?"

तेवढ्यात आत बटनं वाजू लागली. आधी एक, मग दोन, मग पत्र्यावर पाऊस पडावा तशी सगळी.

परीक्षा पार पडली. कुणाच्या प्रोग्राममध्ये चुका निघाल्या, त्या ज्याच्या त्याच्या होत्या. परीक्षकांनी अहवालात लिहिलं की व्यवस्थेबद्दल काही सांगण्यासारखं नाही, आणि प्राचार्यांना हेच हवं होतं. आठवडा संपायच्या आत ताई कायम झाल्या. बाहेरच्या कंपनीचा विषय पुन्हा निघाला नाही.

कायम झाल्या त्याच संध्याकाळी ताई भावाकडे आल्या त्या आभार मानायला, असं काकूंना वाटलं होतं. ताईंनी आल्या आल्या भावाला तासभर फैलावर घेतलं. पाटी काढण्याआधी मला का विचारलं नाहीस, डोळे मिटून वापर म्हणालास आणि स्वतःच मिटून बसलास, नंबर घालायचेच तर स्वतःच्या चुकांना घाल. काका मान खाली घालून ऐकत होते. काकूंना वाटलं, ताई दमल्या की थांबतील. पण ताईंची नजर टेबलावरच्या पडद्याकडे गेली.

"हे काय? इतकी पत्रं कुणाची?"

"मला शिव्या घालतायत," काका म्हणाले. "पंधरावाले. बहिणीच्या नोकरीसाठी सगळ्यांना मागे खेचलं म्हणतायत. मीच लिहिलं होतं ना सगळं."

"आणि तू काय उत्तर दिलंस?"

"काही नाही. खरंच आहे ते, थोडंसं."

ताईंनी चष्मा लावला. पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं. मुलांच्या वह्या वाचताना जसा चढे तसा एका भुवईचा कोन चढत गेला. माझ्या भावाला बोलायचा मक्ता माझा, तो यांना कुणी दिला, असं काहीतरी त्या भुवईत होतं.

"सरक जरा."

"ताई, नको, ते फार मोठे लोक आहेत…"

"सरक म्हटलं ना."

काका सरकले आणि कपडे धुण्याच्या मशीनला टेकून उभे राहिले. ताईंनी सगळ्यात लांब पत्र निवडलं, त्याखाली एका बोटाने टकटक करत लिहिलं: "मी ती बहीण. तुम्ही स्वतः कम्पायलरला काय नावाने हाक मारता?"

पलीकडचा माणूस जागेवरच असावा. लगेच उत्तर आलं: "कम्पायलर-१५."

"आकड्यासकट?" ताईंनी लिहिलं.

"अर्थात आकड्यासकट."

"मग पाटी कुठे बोट दाखवते, त्याने तुमचं नेमकं काय अडलं?"

बराच वेळ पडद्यावर काहीच आलं नाही. काकूंनी आतून ताटं वाढल्याची हाक दिली. काका "आलो" म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. ताईंनी पदर सावरला आणि खालचं पत्र उघडलं.

"हा कोण आता?" त्या म्हणाल्या. "याचं शुद्धलेखनसुद्धा वाईट आहे."